एक माणूस, अख्खा ताफा

गोंधळ घालायचा तर संबळवाला हवा, तुणतुणेवाला हवा, झांज धरणारा हवा आणि कथा लावणारा नाईक हवा. भजनाला पेटी, पखवाज आणि टाळकऱ्यांची रांग लागते. दंडार उभी करायची म्हटली की अर्धं गाव कामाला लागतं. संगीत हे मुळातच चारचौघांचं काम. तरीही प्रत्येक काळात आणि प्रत्येक मुलखात काही माणसं अशी निघतात, जी ही चारचौघांची कामं एकट्याच्या अंगावर घेतात. आपल्याकडचा वासुदेव घ्या. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातांत टाळ-चिपळ्या, पायांत घुंगरू, कमरेला खोचलेला पावा आणि तोंडी गाणं. ताल, सूर, शब्द, नाच, सगळं त्याचं त्यालाच सांभाळायचं असतं.

युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वेत, १९८९ साली एका सतरा वर्षांच्या मुलाने असाच भार उचलला. त्याचं नाव गिल्वे नागेल. संगीताच्या जगात तो फेनरिझ म्हणून ओळखला जातो. राजधानी ऑस्लोजवळच्या कोल्बोट्न या गावचा. डार्कथ्रोन नावाच्या मेटल बँडमध्ये तो ड्रम वाजवत होताच. शिवाय त्याने आपल्या एकट्याचं एक वेगळं खटलं मांडलं आणि त्याला टोल्किनच्या कादंबरीतल्या एका गढीचं नाव दिलं, आयझेनगार्ड. गिटार त्याची, बास त्याचा, ड्रम त्याचे, गळाही त्याचाच. १९८९, १९९१ आणि १९९३ साली केलेल्या तीन कच्च्या ध्वनिमुद्रणांचा मिळून १९९४ मध्ये ‘विंटरस्कुगे’ हा अल्बम निघाला आणि १९९५ मध्ये ‘होस्टमोर्के’. या दोन अल्बममध्ये नॉर्वेच्या डोंगरदऱ्यांतल्या लोकगीतांची चाल, पंकचा उघडावाघडा बेडरपणा आणि मेटलचं वजन एकाच माणसाच्या हातून एकत्र आलं.

वऱ्हाडातल्या शिरपूर जैन या गावात बसून नॉर्वेच्या या पोराची दखल का घ्यायची? त्याने जे केलं त्याची कृती नीट उलगडली, तर आपल्या खंजिरीचं, संबळीचं आणि जात्यावरच्या ओवीचं बळ कशात आहे, हेही नव्याने कळतं म्हणून.

तीन प्रवाह

आधी नॉर्वेचं लोकसंगीत. त्याचा मानबिंदू म्हणजे हार्डांगर फिडल. दिसायला व्हायोलिनची बहीण, पण अंगावर शिंपल्यांची आणि हाडाची जडावाची नक्षी, मानेच्या टोकाला बहुधा कोरलेलं सिंहाचं तोंड. गज फिरतो तो वरच्या चार तारांवर. त्यांच्याखाली आणखी चार किंवा पाच तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही. वरचा सूर लागला की त्या आपोआप गुणगुणू लागतात. आपल्या सतारीच्या आणि सारंगीच्या तरफेच्या तारा हेच काम करतात. त्यामुळे एकच वादक वाजवत असला तरी ऐकणाऱ्याला दोन-तीन वाद्यं एकत्र चालल्याचा भास होतो. नाचाला साथ करायला हे एक वाद्य पुरत असे. खेडोपाडीच्या लग्नांत एकटा वादक रात्रभर मंडळी नाचवत असे.

या वाद्याने सोसलंही बरंच. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत कडव्या धर्मसुधारणेची लाट आली. फिडल म्हणजे सैतानाचं वाद्य, ते नाचायला आणि दारूला प्रवृत्त करतं, असं प्रवचनांतून सांगितलं गेलं. काही वादकांनी वाजवणं सोडलं, कितीतरी फिडल्स जाळून टाकली गेली. टेलेमार्क भागातला थोर वादक तोर्गेर आउगुन्सन, ज्याला लोक ‘म्युलारगुटेन’ म्हणजे गिरणीवाल्याचा पोर म्हणत, तो १८०१ ते १८७२ या काळात होऊन गेला. धबधब्यात राहणाऱ्या एका भुताकडून तो वाजवायला शिकला, अशी लोकांत वदंता होती. मात्र त्याच शतकात या चाली टिपून ठेवणारीही माणसं निघाली. लुडविग लिंडेमान या ऑर्गनवादकाने गावोगाव हिंडून लोकगीतांच्या चाली लिहून काढल्या आणि १८५३ पासून त्या छापायला सुरुवात केली. पुढे क्नुत दाले या म्हाताऱ्या वादकाने, आपल्याबरोबर या चाली मरू नयेत म्हणून, प्रख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग यांना गळ घातली. योहान हाल्वोर्सन यांनी दालेचं वादन ऐकून त्याची स्वरलिपी केली आणि त्यावरून ग्रीग यांनी पियानोसाठी रचना बांधल्या. ही १९०१ ते १९०३ च्या सुमाराची गोष्ट. आयझेनगार्डच्या मागे ही सगळी पुण्याई उभी आहे. चाली टिपणारं आधी कुणी नसतं, तर नव्वदच्या दशकातल्या पोरापर्यंत त्या पोचल्या असत्या की नाही, कोण जाणे.

दुसरा प्रवाह पंकचा. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बेकारीने आणि कंटाळ्याने वैतागलेल्या तरुणांनी गिटारी हातात घेतल्या. त्याआधीचं रॉक संगीत महागड्या स्टुडिओंचं आणि वीस-वीस मिनिटांच्या आलापींचं झालं होतं. पंकवाल्यांनी ते झुगारलं. १९७७ च्या तोंडावर इंग्लंडमधल्या एका हस्तलिखितवजा मासिकाने गिटारच्या तीन कॉर्ड्सची चित्रं छापली आणि वाचकांना सांगितलं की एवढं आलं ना, आता बँड काढा. पंकचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं. परवानगी कुणाची लागत नाही, उस्तादाचा गंडा लागत नाही, जे म्हणायचं आहे ते दोन मिनिटांत तोंडावर म्हणायचं. पुढे १९८२ च्या आसपास डिस्चार्ज या इंग्रज बँडने ड्रमचा एक धावता, सपाट ठेका रूढ केला. युद्धाविरुद्धच्या त्यांच्या गाण्यांबरोबर हा ठेका स्कँडिनेव्हियात पोचला आणि तिथल्या पोरांच्या अंगात भिनला. फेनरिझ त्याच पिढीतला. डार्कथ्रोननेही २००६ नंतर पंककडे उघडउघड वळण घेतलं.

तिसरा प्रवाह मेटलचा. त्याचा उगम एका अपघातात आहे. बर्मिंगहॅममधला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्रे कापण्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचं काम नेमकं त्याच हाताचं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा बसवल्या आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून सूर खाली उतरवला. या सगळ्यातून त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा जड नाद घडला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि मेटलचा जन्म तिथून मोजतात. लोकसंगीताशी मेटलची गाठ घालण्याच्या कामी स्वीडनचा क्वोर्थोन फेनरिझच्या आधीचा. त्याच्या बॅथरी या बँडचा १९९० चा ‘हॅमरहार्ट’ हा अल्बम या वाटेवरचा मोठा टप्पा.

सा आणि प

ही तीन संगीतं एकमेकांत इतकी सहज का मिसळली, हे समजायला गिटारचा ध्वनी थोडा जवळून पाहावा लागेल.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचं कंपन अॅम्प्लिफायरमध्ये जातं आणि मोठं होतं. अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर रेटलं की त्याला ध्वनिलहरीचे उंचवटे पेलत नाहीत. पायली भरून झाल्यावर वरची रास हाताने फिरवून सपाट करतात, तशी त्या लहरीची शिखरं छाटली जातात. छाटलेल्या लहरीत मूळ सुराचे कितीतरी नवे उपस्वर तयार होतात. त्यातूनच मेटलच्या गिटारचा तो खरखरीत, भरलेला, दाट आवाज निघतो.

आता या दाट आवाजात तीन-चार वेगवेगळे स्वर एकदम वाजवले तर प्रत्येकाचे उपस्वर एकमेकांवर आदळतात आणि नुसता गोंगाट होतो. म्हणून मेटल आणि पंक वाजवणारे बहुधा दोनच स्वर धरतात, षड्ज आणि पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. त्यात गंधार नसतो, त्यामुळे ती कॉर्ड हसरीही नसते आणि रडकीही नसते. चाल जशी फिरेल तसा तिचा भाव ठरतो.

तंबोरा लावणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पंचमात लावलेला तंबोरा म्हणजे सा आणि प यांचाच अखंड नाद. गोंधळ्याचं तुणतुणं तर एकाच तारेवर एकच सूर धरून बसतं. हार्डांगर फिडलवरही चालीच्या तारेबरोबर शेजारची मोकळी तार गजाखाली धरून आधाराचा सूर चालू ठेवतात. खाली न हलणारा सूर आणि त्यावर फिरणारी चाल, अशी ही बांधणी जगभरच्या लोकसंगीताची आहे. मेटलची बांधणीही तीच. नॉर्वेतल्या मेटल गिटारवादकांची वाजवण्याची एक लकबही इथे कामाला येते. गिटारची एकच तार ते अतिशय वेगाने, वर-खाली, न थांबता छेडतात. वेग इतका की सुटे आघात ऐकू येत नाहीत, सलग झरणारा सूर ऐकू येतो, जणू गजच फिरतोय. लोकगीताची चाल त्या गिटारीत परकी वाटत नाही, त्याचं कारण हे.

लोकसंगीताने चाल दिली, मेटलने वजन दिलं आणि पंकने धीर दिला, अशी ही वाटणी. आयझेनगार्ड ऐकताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. या जातीच्या संगीतात गायक बहुधा किंचाळतात किंवा घशातून गुरगुरतात. फेनरिझ मात्र कितीतरी ठिकाणी मोकळ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात, एखाद्या गावकऱ्यासारखा, सरळ गातो. आवाज तालीम घेतलेला नाही. कधी सूर थोडा सुटतोही. पण शेतावरून परतताना माणूस जसा स्वतःशी गातो तसा तो लागतो, आणि लोकगीताला तेच शोभतं.

चार पट्ट्यांची कॅसेट

एक माणूस एका वेळी गिटार आणि ड्रम वाजवू शकत नाही. मग अख्ख्या बँडचा आवाज येतो कुठून? उत्तर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या दशकातच स्वतःच्या वादनावर स्वतःचंच दुसरं वादन चढवण्याचे प्रयोग केले होते. पण ते स्टुडिओवाल्यांचं काम होतं. १९७९ मध्ये जपानच्या टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आणलं आणि ही विद्या घरात आली.

नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात. दोन एका बाजूच्या आणि दोन उलट्या बाजूच्या. पोर्टास्टुडिओ या चारही पट्ट्या एकाच दिशेने आणि एकमेकींपासून स्वतंत्र वापरतो. पहिल्या पट्टीवर ड्रम भरायचे. फीत मागे घ्यायची. कानाला हेडफोन लावून ते ड्रम ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार भरायची. पुन्हा फीत मागे, आता बास. शेवटी गाणं. पट्ट्या कमी पडल्या तर तीन पट्ट्यांचा ऐवज एकत्र करून चौथीवर उतरवायचा आणि त्या तीन पुन्हा मोकळ्या करायच्या. फक्त प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची सळसळ वाढत जाते आणि आवाज थोडा धुरकटतो. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम अशाच यंत्रावर घरी बसून केला होता.

फेनरिझनेही चार पट्ट्यांच्या यंत्रावर घरीच काम केलं. डार्कथ्रोनच्या १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ या गाजलेल्या अल्बमचं सगळं वादन त्याने एकट्याने असंच भरलं. गाणं तेवढं जोडीदाराने, नोक्टुर्नो कुल्टोने म्हटलं. या पद्धतीत सगळ्यात अवघड भाग पहिला. ड्रम आधी वाजवायचे तर पुढची गिटार अजून कुठेच अस्तित्वात नसते. चाल कुठे वळणार, कुठे थांबणार, हे सगळं वाजवणाऱ्याच्या डोक्यात आधीच वाजत असावं लागतं. तिथे जरा चूक झाली की वरचे सगळे थर त्या चुकीवरच बसतात. एकट्याने केलेल्या संगीताला एक खास एकजिनसीपणा येतो तो यामुळेच. ड्रमवाल्याला गिटारवाल्याच्या मनातलं ओळखावं लागत नाही. आणि फितीची ती सळसळ, तो धुरकटपणा, जो स्टुडिओवाल्यांना दोष वाटला असता, तोच पुढे या संगीताची ओळख बनला.

पैसा, कीर्ती हा या माणसाचा ध्यास कधीच नव्हता. तो मैफलींपासून दूर राहिला, नॉर्वेच्या टपाल खात्यात नोकरी करत राहिला. गावच्या नगरपालिकेत तो बदली सदस्य म्हणून निवडूनही आला. आणि २०२० मध्ये, पंचवीस वर्षांच्या खंडानंतर, आयझेनगार्डच्या नावाने पुन्हा एक अल्बम निघाला.

वऱ्हाडातली खंजिरी

आता घराकडे वळू. एका माणसाने लोकवाद्य, थेट बोल आणि दणदणीत ताल एकत्र आणून माणसं हलवल्याची उदाहरणं आपल्या वऱ्हाडात नॉर्वेहून जुनी आणि मोठी आहेत.

गाडगेबाबांनी कीर्तनाचा मखर उतरवून ठेवला. जन्म १८७६, निधन २० डिसेंबर १९५६. त्यांच्या कीर्तनात शास्त्रोक्त पूर्वरंग-उत्तररंग नव्हते, आख्यानांचा पसारा नव्हता. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं आणि मध्येच सगळ्यांना गजरात ओढायचं. कर्ज काढून सण करू नका, नवससायासात पैसा घालवू नका, पोरं शाळेत घाला. बोली अस्सल वऱ्हाडी, मुलाजा कुणाचाच नाही. निधनाच्या थोडंच आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, मुंबईत वांद्र्याला त्यांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. ते झालं म्हणून आज आपण त्यांचा आवाज ऐकू शकतो.

तुकडोजी महाराजांनी हाती खंजिरी घेतली. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या या संताचं सगळं भांडवल म्हणजे तेवढंच एक वाद्य आणि गळा. खंजिरी हे हाताएवढं वाद्य. लाकडाच्या कड्यावर एका बाजूने कातडं ताणून बसवलेलं आणि कड्याच्या खाचांत धातूच्या छोट्या चकत्या. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. बोटाच्या टोकाचा आघात कडेवर पडला की कडक ‘ट’ निघतो, पंजाचा आघात मध्याजवळ पडला की भरीव ‘धुम’, आणि नुसतं मनगट हलवलं की चकत्यांची किणकिण. म्हणजे हलका ठेका, जड ठेका आणि झांज अशी तिघांची कामं एकाच मुठीत येतात. पूर्वी तिला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि आता बकऱ्याचं कातडं किंवा फायबरचं पान वापरतात.

या खंजिरीवर तुकडोजी महाराजांनी देवभक्तीबरोबर ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, सर्वधर्मप्रार्थना गायली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीची माणसं पेटून उठली. त्यामागे महाराजांच्या भजनांची चेतना आहे हे इंग्रज सरकारने ओळखलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी वाजली. खंजिरीवाल्या एका गायकाला सरकार घाबरलं, याहून मोठी पावती कुठल्या बँडला मिळाली असेल?

याच वाटेवरचे आजचे कलावंत म्हणजे अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज. त्यांनी एका खंजिरीच्या सात केल्या. सप्तखंजिरीवादक म्हणून त्यांना सारा विदर्भ ओळखतो. चामड्याच्या वाद्याचा सूर तीन गोष्टींवर ठरतो. तोंड जितकं लहान तितका सूर चढा, कातडं जितकं ताणलेलं तितका चढा, आणि कातडं जितकं जाड तितका उतरलेला. म्हणून वेगवेगळ्या खंजिऱ्या एकत्र मांडल्या की एकाच वादकाला चढ-उताराचा पट मिळतो. एरवी ठेका धरणारं वाद्य चालीच्या जवळ जाऊन बोलू लागतं. त्यावर सत्यपाल महाराजांचं कीर्तन चालतं, गाडगेबाबांच्या धाटणीचं आणि तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं. अंधश्रद्धा, हुंडा, दारू, शेतकऱ्याची दैना यांवर ते वऱ्हाडी बोलीत सरळ घाव घालतात. २०१७ च्या मे महिन्यात मुंबईत एका कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यानंतरही त्यांनी प्रबोधन थांबवलं नाही.

पंक म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगताना मला इंग्लंडपर्यंत जावंसं वाटत नाही. कमीत कमी साधन, जास्तीत जास्त सडेतोडपणा आणि ऐकणाऱ्याला नुसतं बसू न देण्याची ताकद, एवढं सगळं एका सप्तखंजिरीच्या कीर्तनात मिळतं.

आणि जात्यावर बसलेली बाई? तीही एकटीच. जात्याची घरघर हा तिचा आधारसूर, खुंटा ओढण्याची गती हा तिचा ताल आणि ओवी ही तिची रचना. गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल दालनातून लोकांसमोर येत आहेत. लिंडेमानने नॉर्वेसाठी जे केलं, त्याच तोलाचं हे काम आहे.

मुंबईचा सूर ऑस्लोत

महाराष्ट्रात मेटलही आता नवखं राहिलेलं नाही. मुंबईत १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि देशभरातल्या बँड्सना त्याने मंच दिला. त्या मातीत वाढलेला साहिल माखिजा हा मुंबईकर. त्याने २००० साली डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला. २०१० मध्ये हा बँड ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला. फेनरिझच्या गावापासून तो मंच काही मैलांवरच. २०१७ मध्ये त्यांनी ‘दशावतार’ हा अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणं, आणि गिटारच्या जोडीला भारतीय वाद्यं.

साहिलनेही एकट्याचं खटलं मांडलं आहे. डेमनस्टीलर या नावाने त्याचे स्वतंत्र अल्बम येतात. २००८ मध्ये पहिला आला, २०१६ मध्ये दुसरा आणि २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’. द्वेष पसरवणाऱ्या प्रचारयंत्रणेवर त्यात थेट टीका आहे. २०१६ च्या अल्बमला ड्रमची साथ ग्रीसच्या जॉर्ज कोलियासने केली. गाणं लिहिणारा मुंबईत, ड्रम वाजवणारा परदेशात, आणि दोघांना जोडणारं इंटरनेट. पोर्टास्टुडिओच्या चार पट्ट्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे आणि तिथे पट्ट्यांना मर्यादाच उरलेली नाही.

मुळांचा अभिमान आणि त्याचा विषार

फेनरिझ ज्यातून आला त्या नॉर्वेच्या मेटल चळवळीची एक बाजू फार काळी आहे. ती झाकून ठेवणं बरोबर नाही. १९९२ पासून तिथे जुनी चर्चेस जाळली गेली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च आगीत गेलं. १९९३ मध्ये एका संगीतकाराने दुसऱ्याचा खून केला. तो खुनीही एकट्याने अल्बम करणाराच होता. आपल्या पूर्वजांचं, आपल्या मातीचं म्हणता म्हणता काहींची गाडी वंशद्वेषावर गेली. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावरही वंशश्रेष्ठत्वाचा शब्द छापला होता. पुढे तो काढला गेला आणि बँडने माफीही मागितली.

लोकसंगीत हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. मुळांकडे जाणं म्हणजे कुणाला हाकलून लावणं नव्हे. हार्डांगर फिडलमध्येही बाहेरून आलेलं व्हायोलिन आहे. आपल्या पेटीचा भाता युरोपातून आला आणि आज तिच्याशिवाय भजन उभं राहत नाही. लोकसंगीत देवाणघेवाणीवरच जगतं. गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी परंपरेचंच वाद्य घेऊन परंपरेतलं वाईट ते ठोकून काढलं. मुळांशी इमान राखण्याची ही वऱ्हाडी रीत मला नॉर्वेच्या त्या आगीपेक्षा कितीतरी धीट वाटते.

शिरपुरात काय करता येईल

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला इथे देशभरातून यात्रेकरू येतात. त्यामुळे गावाच्या कानावर जैन स्तवनं पडतात, तसाच हरिपाठ पडतो, भीमजयंतीला भीमगीतं पडतात. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आज्या वऱ्हाडात अजून आहेत. जिल्ह्यातल्या तांड्यांवर होळीला डफाच्या ठेक्यावर लेंगी गातात. घरी लग्न झालं की गोंधळी येतात आणि संबळ कडाडते. त्या दोन तोंडांच्या जोडीत एक नर, एक मादी. एकाचा आवाज टणक, दुसरीचा घुमारदार, आणि वाकड्या टोकाच्या काठीने तो घुमारा दाबून-सोडून वर-खाली केला जातो.

इतकं द्रव्य दाराशी असलेल्या गावातल्या मुलाच्या खिशात आज जो मोबाइल आहे, त्याची ध्वनिमुद्रणाची क्षमता १९९४ च्या त्या चार पट्ट्यांच्या यंत्राहून कितीतरी अधिक आहे. फुकट मिळणारी अॅप्स आहेत. एका थरावर खंजिरी, दुसऱ्यावर तुणतुण्याचा सूर, तिसऱ्यावर सा-प धरलेली गिटार, वर आजीने गायलेली भुलाबाईची चाल, असा प्रयोग एका खोलीत बसून होऊ शकतो. संबळ घरात भरताना यंत्र वाद्यापासून दोन-तीन हात दूर ठेवावं, नाहीतर आवाज फुटतो. भिंतींचा घुमारा मारायला गाद्या-गोधड्या लावल्या तरी पुरतं. ठेका आधी भरावा, चाल नंतर. आणि ज्याच्याकडून चाल घेतली त्याला विचारून घ्यावी. गाण्यासोबत त्याचं नाव, गाव, सगळं नोंदवावं. मिळकत झाली तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवावा.

एकट्याने केलेल्या संगीताची ही सगळी उदाहरणं एकच गोष्ट सांगतात. फेनरिझच्या मागे लिंडेमान, दाले आणि कोण कोण अनाम फिडलवादक उभे होते. सत्यपाल महाराजांच्या सात खंजिऱ्यांमागे तुकडोजी महाराजांची एक खंजिरी आहे, गाडगेबाबांचा गजर आहे. एकटा माणूस अख्खा ताफा होऊ शकतो तो त्याला घडवणाऱ्या पुष्कळांचं त्याने मन लावून ऐकलेलं असतं म्हणून. ज्याने कुणाचंच ऐकलं नाही, त्याच्या हाती शंभर पट्ट्यांचं यंत्र दिलं तरी त्यातून नुसता आवाजच निघेल.

आपल्याकडे सध्या यंत्रही आहे आणि ज्यांच्याकडून ऐकायचं ती माणसंही आहेत. यंत्रं पुढेही मिळत राहतील, आणखी स्वस्त होतील. लेंगी, ओव्या, भुलाबाईची गाणी, गोंधळाच्या कथा पाठ असलेली पिढी मात्र सत्तरी-ऐंशीत आहे. म्हणून गिटार शिकायला वर्ष लागलं तरी चालेल, आजीचं गाणं भरून ठेवायला या आठवड्यापलीकडे थांबू नये.